चोरीला गेलेलं दुखणं

१

चोरीला गेलं होतं ते दुखणं.

विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करण्यात माझी हयात गेली. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी, नेमके विमा उतरवल्यावर हरवलेले दागिने, सगळ्यांचा माग काढून झाला. पण दुखणं शोधून द्या म्हणून कुणी माझ्या दारात आलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते भाग्य लाभलं, आणि तेही माझ्याच भावाच्या मुलीमुळे.

"आत्या, माझ्या उंदरांना दुखत नाहीये," ती सोफ्यावर अंग टाकत म्हणाली.

"मग बरंच आहे की. माझे गुडघे घेऊन जा त्यांच्याकडे."

ती हसली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं. माझ्या फालतू विनोदांना हसणारी घरात ती एकटीच.

भाची एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कोलेस्टेरॉल कमी करणारं जे औषध मी रोज जेवणानंतर गिळते, त्याच जातीचं औषध प्राण्यांना दिलं तर त्यांच्या वेदनाही कमी होतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. ते खरं की खोटं हे तिला पडताळायचं होतं. निम्म्या उंदरांना ती तोंडावाटे औषध पाजायची. ते औषधवाले. उरलेल्यांना नुसतं पाणी. ते कोरे. नंतर एकेकाला गरम पत्र्यावर ठेवायचं आणि तो पाय कधी उचलतो ते पाहायचं. पाय उचलला की त्याला लगेच उतरवायचं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मुलीने हाच प्रयोग केला होता. तेव्हा औषधवाले आरामात उभे राहिले होते आणि कोऱ्यांनी झटकन पाय उचलले होते. ती मुलगी परदेशी गेली आणि तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं.

"आणि या वेळी कोरेसुद्धा आरामात उभे!" ती म्हणाली. "मग त्यांचं रक्त तपासलं. त्यात औषध सापडलं."

"औषध असतं कुठे?"

"कुलपात. किल्ली आमच्या प्रमुख मॅडमकडे आणि माझ्याकडे. पाजते फक्त मी."

"तू पाजलंस का कोऱ्यांना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाही."

"चुकूनमाकून?"

"नाही, आत्या."

"बरं. मग पुढे सांग."

पुढे सांगायचं सोडून ती रडायला लागली. मी घाबरले. विचारलं, काय झालं?

"काही नाही गं. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी सरळ कारणच विचारलं. बाबा पण म्हणाले, जे काय केलंस ते कबूल कर आणि मोकळी हो."

माझ्या भावाचं हे असंच. त्याला शांतता हवी असते, मग ती कुणाच्या का जीवावर मिळेना. मॅडमनी तिच्यापुढे एक कागद ठेवला होता. 'माझ्या हातून चूक झाली आणि मी ती लपवली.' उद्यापर्यंत सही करून निमूटपणे निघून जा, नाहीतर प्रकरण समितीपुढे जाईल, आणि मग कुठलीच प्रयोगशाळा तुला दारात उभं करणार नाही.

मी तिला पाणी दिलं. तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला म्हणून विचारलं, "ते औषध एवढं गुणाचं, तर माझे गुडघे का ठणकतात?"

"उंदरांचं माणसांना लागू होईलच असं नाही. काही माणसांचे तर त्याने उलट स्नायू दुखतात. आणि उंदरांचा डोस वजनाच्या मानाने अवाढव्य असतो."

"मग माझी गोळी जाते तरी कुठे?"

"यकृतात. तिथलं काम झालं की पित्तातून आतड्यात. आणि मग..." ती पहिल्यांदाच जराशी हसली. "मग सकाळी जाते बाहेर."

२

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती. पाटीवरची धूळ पाहता ही दुरुस्ती बरीच जुनी असावी. वर पोहोचेपर्यंत माझ्या गुडघ्यांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या.

"मला वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. बाई सडपातळ, चष्मा गळ्यात दोरीला, आणि झोप उडालेल्या माणसाची चिडचिड चेहऱ्यावर.

"मलाही नाही. पण तीन मजले चढलेय, तेव्हा बसते."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "हे बघा, ती तुमची भाची आहे, तुम्हाला वाईट वाटणारच. पण सगळी मेहनत मातीत गेली आहे. कोऱ्यांच्या रक्तात औषध आहे. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे. उरलं कोण?"

"तिचा काय फायदा यात?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणते, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, आणि नंतर भीतीने तिने तोंड उघडलं नसेल."

"औषध मोजून देता?"

"अर्थात. बाटली दर वेळी तोलतो. हिशेब चोख आहे, कणभरही जास्त गेलेलं नाही."

"मग कोऱ्यांच्या पोटात आलं कुठून?"

"औषधवाल्यांच्या वाटणीतलं काढून दिलं असणार."

"म्हणजे औषधवाल्यांच्या रक्तात ते कमी भरलं?"

चष्मा डोळ्यांवर चढवून मॅडमनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "नाही. त्यांच्यात गेल्या वेळेइतकंच आहे."

माझं डोकं भणभणायला लागलं. बाटलीतून जास्त गेलं नाही. ज्यांचं होतं त्यांना पूर्ण मिळालं. आणि ज्यांचं नव्हतं त्यांनाही मिळालं. विम्याच्या धंद्यात मी अशा हिशेबाला तत्काळ लबाडी म्हटलं असतं, पण इथे लबाडी करायला कुणापाशी काही उरतच नव्हतं.

"सगळ्या कोऱ्यांत सारखंच सापडलं?" मी विचारलं.

"नाही. कुणात बरंच, कुणात जेमतेम. एकात तर काहीच नाही."

"पाजलं असतं तर सगळ्यांना सारखंच पाजलं नसतं का? आणि तो एक कोण?"

"एक उंदीर! एका उंदराने काय सिद्ध होतं?" त्यांनी हात झटकला. मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "तुम्हाला संशयच घ्यायचा असेल, तर खाली प्राणिघराच्या डॉक्टरांचा घ्या. आमचे प्रयोग त्यांना पहिल्यापासून खुपतात. मला तोंडावर म्हणाले होते, या उंदरांचं दुखणं एक दिवस मी थांबवणार आहे."

३

प्राणिघर तळघरात होतं. अंगावर झगा, डोक्याला टोपी आणि चपलांवर पिशव्या चढवल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी आरशात पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

जनावरांचे डॉक्टर दार अडेल एवढे आडवे, पण आवाज अगदी मऊ. तळहातावर एक पांढरा उंदीर बसला होता आणि ते त्याच्याशी बोलत होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "तुम्ही उंदरांचं दुखणं थांबवणार होतात म्हणे."

"थांबवलं की," ते म्हणाले. "मीच थांबवलं, ताई."

इतक्या सहज कबुली मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

"कसं?"

"हे बघा ना." त्यांनी एक पिंजरा पुढे ओढला. "आधी यांच्या पायांखाली तारेची जाळी असायची. घाण खाली पडते, साफसफाई सोपी. पण पाय सुजायचे बिचाऱ्यांचे. गेल्या वर्षीचा प्रयोग संपल्यावर मी सगळ्या जाळ्या काढून टाकल्या. आता सपाट तळ, त्यावर भुसा, घरट्याला कागद. सुजल्या पायाचा उंदीर गरम पत्र्यावर ठेवायचा आणि दुखतं का बघायचं, ही कसली रीत?"

मी सुस्कारा सोडला. माझी कबुली भुशात गेली होती. "मॅडमना सांगितलंत हे?"

"कशाला? प्राणिघर माझं आहे. नियमात बसतं."

"आणि पाण्यात काही घातलं नाहीत ना?"

ते दुखावले. त्यांनी पिंजऱ्याची पाण्याची बाटली काढली, ग्लासात ओतली आणि माझ्या डोळ्यांदेखत घटाघटा प्यायले. पुरावा म्हणून ते फारसं उपयोगी नव्हतं, पण माणूस मला आवडला.

पिंजऱ्यात चार उंदीर होते. दोघांच्या शेपटीवर काळी खूण, दोघांच्या निळी. "या खुणा कसल्या?"

"वरच्या लोकांच्या. मी नाही विचारत, ते नाही सांगत."

खाण्याची टोपली त्यांनी धुवायला काढून ठेवली होती, तरी निळ्या खुणेचा एक उंदीर पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून मन लावून कुरतडत होता. "हा उपाशी दिसतो," मी म्हणाले.

"भूक कसली, सवय आहे त्यांची." डॉक्टरांनी झाकण लावलं.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मात्र एकच उंदीर होता. माझ्याकडे पाहून त्याने दात दाखवले. "हा एकांडा," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. "महाचावरा. कुणाशी पटत नाही, म्हणून पहिल्यापासून वेगळा ठेवलाय."

"याला पत्र्यावर दुखतं?"

"दुखतं की! पाय टेकतो न टेकतो तोच उचलतो. सगळ्या कळपात आता हाच तेवढा."

त्याच्या शेपटीवर निळी खूण होती.

४

निळी म्हणजे काय हे विचारायला भाचीला फोन केला, तर तिने उचलला नाही. ते ठाऊक असलेला दुसरा माणूस बसत होता पलीकडच्या इमारतीत. प्रयोगांचे आकडे तोच जुळवून द्यायचा. भाचीच्या लॅबमध्ये सगळे त्याला सरासरी म्हणतात, आणि तेही त्याच्या समोर. काचेची खोली, टेबलावर प्लॅस्टिकचं रोपटं, आणि त्यालाही पाणी घातल्याच्या खुणा.

"या काकू, बसा," तो म्हणाला. आमच्यात फार तर दहा वर्षांचं अंतर असेल. मी दात ओठांआड ठेवले.

"निळी म्हणजे काय?"

"निळी म्हणजे कोरा. काळी म्हणजे औषध."

म्हणजे रक्तात औषध नसलेला एकमेव कोरा तो एकांडा होता, आणि दुखत होतं तेही त्यालाच. पण मग त्या पिंजऱ्यात निळे आणि काळे एकत्र काय करत होते?

"ती माझीच सूचना," सरासरी खुलला. "गेल्या वर्षी सगळे औषधवाले एका पिंजऱ्यात आणि कोरे दुसऱ्यात. साफ चूक! एक पिंजरा दाराशी, एक भिंतीशी. फरक पडला तो औषधाने की वाऱ्याने, कसं कळणार? म्हणून मॅडमना म्हटलं, प्रत्येक पिंजऱ्यात निम्मे निम्मे ठेवा. त्यांना पटलं."

मलाही पटलं, आणि त्याचाच राग आला. इथे जो तो बरोबर होता. मॅडमचा हिशेब बरोबर, डॉक्टरांची दया बरोबर, सरासरीची सूचना बरोबर. चुकली फक्त माझी भाची, जिने काही बदललंच नव्हतं.

"तुम्ही खरे उंदीर पाहिलेत कधी?"

"आलेखात रोज बघतो."

"मग मला एक आलेख काढून द्या. फक्त कोऱ्यांचा. कुणाच्या रक्तात किती औषध आणि तो पत्र्यावर किती वेळ उभा राहिला."

"काकू, ज्यांना औषध द्यायचंच नव्हतं, त्यांचा आलेख काढून काय मिळणार?"

"काढा तर खरं."

कुरकुरत त्याने काढला. ठिपके डावीकडे खालून निघून उजवीकडे वर चढत गेले. जितकं औषध जास्त, तितका उंदीर निवांत. अगदी तळाशी एकटा ठिपका होता, तो एकांडा. सरासरी मान तिरकी करून ठिपक्यांकडे बघत बसला.

कुणी दिलं, हे मात्र त्या ठिपक्यांत कुठेच नव्हतं. मी हात टेकायच्या बेतात होते, तेवढ्यात फोन वाजला. भाची होती.

"आत्या," ती म्हणाली, "मी सही केली."

५

भावाच्या घरी स्वयंपाकघरात तिघं बसलो होतो. "सुटली एकदाची," भाऊ म्हणाला. "दुसरीकडे कुठेतरी बघू काहीतरी."

"सुटली?" माझा तोल गेला. "अरे, न केलेल्या गोष्टीची कबुली दिलीय तिने! उद्या तिला शेजाऱ्यांनी चोर म्हटलं तर त्यांना चहा करून देशील?"

"ओरडू नकोस. मी तिच्या भल्याचंच सांगितलं."

"मला कंटाळा आला गं, आत्या," भाची टेबलावर डोकं ठेवून म्हणाली. "किती जणांना पटवू? रोज रात्री मी स्वतःच्याच हातांचा विचार करते. कधीकधी वाटतं, केलंही असेल मी."

तिला खोटं ठरवायला निघालेली माणसं परवडली, पण तीच स्वतःला खोटं ठरवायला लागली होती. कागद मॅडमच्या हातात होता आणि सकाळी तो वरच्या कार्यालयात जाणार होता. मला सगळं दिसत होतं आणि जुळत काहीच नव्हतं, आणि या वयात माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो यानेच.

जेवण कुणालाच गेलं नाही. मी सवयीने पर्समधून गोळी काढली, तोंडात टाकली आणि पाण्याचा ग्लास उचलला. माझी गोळी जाते तरी कुठे?

ग्लास तसाच हातात राहिला. बाटलीतून काही गेलं नव्हतं. म्हणजे जे आलं, ते ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडूनच आलं असणार.

"ए," मी भाचीला हलवलं. "ऊठ. गेल्या वर्षी पिंजऱ्यांना जाळ्या होत्या, हे तुला माहीत होतं?"

"जाळ्या? नाही. मी आले तेव्हापासून भुसाच आहे."

"आणि औषधवाले आणि कोरे वेगवेगळे राहायचे, हे?"

"नाही. मला दिले तेच एकत्र दिले. का?"

"गोळी घशात अडकलीय," मी म्हणाले. "आधी पाणी पिऊ दे."

६

सकाळी मी सगळ्यांना प्राणिघरात बोलावलं. मॅडम यायला तयार नव्हत्या. कार्यालयात जायच्या आधी येऊन जा, नाहीतर समितीपुढे मीच येते, असं म्हटल्यावर आल्या. झगे आणि टोप्या घातलेली आम्ही पाच माणसं पिंजऱ्याभोवती उभी राहिलो.

"डॉक्टर," मी म्हणाले, "टोपली काढा आणि हा काय खातो ते मॅडमना सांगा."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "लेंडी. सगळेच उंदीर खातात. स्वतःचीही आणि दुसऱ्याचीही."

"शी!" सरासरी मागे सरकला.

"आणि औषध शरीरातून कसं बाहेर पडतं, मॅडम?"

मॅडम उत्तर द्यायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "पित्तातून," त्या हळू म्हणाल्या. "पण ते गेल्या वर्षीही तसंच पडत होतं."

"गेल्या वर्षी लेंड्या जाळीतून खाली जात होत्या. आणि वरच्याच खाल्ल्या, तरी कोऱ्यांच्या पिंजऱ्यात सगळे कोरेच होते. या वर्षी तुम्ही दोघांनी दोन्ही गट एकत्र केलेत आणि डॉक्टरांनी जाळी काढली."

"जाळ्या काढल्या?" मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "मला न सांगता?"

"औषधवाले आणि कोरे एकत्र ठेवलेत?" डॉक्टर त्यांच्यावर उलटले. "मला न सांगता? मी एका मिनिटात सांगितलं असतं!"

"नंतर भांडा," मी म्हणाले. "बाटलीचा हिशेब चोख लागतो, कारण बाटलीतून काही चोरीला गेलंच नव्हतं. कोऱ्यांत कमी-जास्त सापडतं, कारण पाजणारा मोजून पाजतो, खाणारा मोजून खात नाही. आणि एकांड्याच्या रक्तात काही नाही, कारण तो आपल्या भांडकुदळ स्वभावामुळे एकटा राहतो. त्याला औषधवाला शेजारीच नव्हता. शंका असेल तर लेंड्या तपासा."

तपासल्या. मॅडम स्वतः वर घेऊन गेल्या. आम्ही प्राणिघरातच वाट बघत बसलो, डॉक्टर आणि सरासरी एकमेकांकडे पाठ करून. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित शरम नव्हती. आनंद होता.

"आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "भरपूर आहे! आणि तो तुमचा आलेख कुठे आहे? कोऱ्यांचा?"

सरासरीने कागद पुढे केला. मॅडम त्यावर बोट फिरवत राहिल्या. "कुणालाच माहीत नव्हतं. पाजणारीलाही नाही, मोजणाऱ्यालाही नाही. तरी जितकं औषध पोटात गेलं तितकं दुखणं कमी झालं. हे तर ठरवून जमलं नसतं! पुन्हा करून बघायला हवं, नीट, वेगळ्या पिंजऱ्यांत. पण हा प्रयोग फसलेला नाही."

मग तिघांची जुंपली. जाळी परत की भुसाच, पिंजरे किती, खुणा कोणत्या. तिघंही एकदम बोलत होते. माझी भाची भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं टाळकं सटकलं.

"आणि तिचा कागद?" मी ओरडले.

"हो, तो," मॅडम म्हणाल्या. बॅगेतून कागद काढून त्यांनी टराटरा फाडला आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. "झालं. सोमवारपासून नव्याने सुरू करू. तूच कर."

"नाही झालं," भाची म्हणाली.

तिचा आवाज एवढा शांत होता की तिघंही थांबले. "तुम्ही मला कारण विचारलंत, मॅडम. कधी केलं ते विचारलंत, कुणाला सांगितलं ते विचारलंत. मी केलं की नाही, हे एकदाही विचारलं नाहीत. ते विचारा."

"आता कशाला? आता तर कळलंय."

"म्हणूनच विचारा."

मॅडमनी टोपी काढली. बराच वेळ त्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कोऱ्या उंदरांना तू औषध दिलंस का?"

"नाही," भाची म्हणाली.

"बरं," मॅडम म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "चुकलं माझं."

भाचीने मान हलवली. हातमोजे चढवले आणि एकांड्याच्या पिंजऱ्याशी गेली. सकाळच्या गडबडीत त्याला खाणं घालायचं राहिलं होतं. तो नेहमीप्रमाणे तिच्या बोटावर धावून आला.

"आत्या, तू आमच्याकडेच चाललीयस ना?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बाबांना सांगून ठेव. मी संध्याकाळी आले की त्यांनीही मला हेच विचारायचं."

सांगते, म्हणाले मी, आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले.